सिंगापूरला जाऊन पनीर खाऊ नका



आपल्या ग्रुपवर गेल्या काही दिवसांत तीन कुटुंबांचे सिंगापूरचे फोटो आले. मर्लायनसमोर जोडीने उभं राहून काढलेले, सेंटोसाच्या केबल कारमधले, आणि तिन्ही घरांचा एक फोटो सारखाच : स्टीलच्या ताटात पनीर बटर मसाला, पिवळी डाळ, तळलेला पापड आणि पाकात बुडालेला गुलाबजाम. खाली ओळ : "परदेशातसुद्धा अगदी घरच्यासारखं जेवण!" त्यावर ढीगभर अंगठे.

मी अंगठा दिला नाही. का दिला नाही ते सविस्तर लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला जमा आणि नावे दोन्ही बाजू मांडल्याशिवाय चैन पडत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सिंगापूरला गेलात तर हॉकर सेंटरमध्ये जेवा. टूरची बस जिथे नेऊन उतरवते त्या हॉटेलात नको. आणि मुलगा-सून किंवा लेक-जावई तिथे राहत असतील तर त्यांच्या स्वयंपाकघरातसुद्धा रोज नको. आमची लेक तिथे आहे. मी आणि आमची ही चार वेळा जाऊन आलो, सगळा मिळून मुक्काम आठ-नऊ महिन्यांचा भरेल. तेव्हा हे चार दिवसांच्या सहलीवरून लिहीत नाही.

आधी हॉकर सेंटर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांना तो मॉलमधला फूड कोर्ट वाटतो. फूड कोर्ट वेगळा, त्याला एसी असतो आणि दरही चढे असतात. हॉकर म्हणजे आपला फेरीवाला, हातगाडीवाला. सिंगापूरच्या रस्त्यांवर पूर्वी असे हजारो होते. चिनी, मलय, तमिळ, प्रत्येकाची आपापली चूल. सरकारने १९६८-६९ साली त्यांची नोंदणी केली आणि पुढे १९८६ पर्यंत त्यांना टप्प्याटप्प्याने छपराखाली आणलं. नळाचं पाणी दिलं, गटार दिलं, नंबर घातलेले गाळे दिले. फेरीवाल्याला हाकलून न लावता त्याच्या डोक्यावर छप्पर घालणं ही एवढी एक गोष्ट बघायला तरी आपल्याकडच्या नगरसेवकांनी तिथे जावं! आज शंभराहून जास्त हॉकर सेंटर आहेत. मधे टेबलं, भोवती गाळे, वर पंखे. कुठल्याही गाळ्यावरून घ्या, कुठल्याही टेबलावर बसा. एकाच टेबलावर एकजण डोसा खातो, दुसरा नूडल्स, तिसरी मलय बाई नारळाच्या दुधात शिजवलेला भात. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी २०१६ साली मिशेलिनच्या पहिल्या सिंगापूर पुस्तिकेत दोन हॉकर गाळ्यांना एकेक तारा मिळाला होता. म्हणजे ज्याला तुम्ही "रस्त्यावरचं" म्हणून नाक मुरडता, ते त्या शहराचं राजमान्य जेवण आहे.

आता हिशेब. एक सिंगापूर डॉलर सोयीसाठी ६५ रुपये धरतो, दर बदलत राहतो. बऱ्यापैकी भारतीय रेस्टॉरंटमध्ये थाळी २० डॉलरची, दोघांचे ४० झाले असं समजा. मेनूकार्डावर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात, ती आपली माणसं बघतच नाहीत. पहिलं चिन्ह १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं ९ टक्के जीएसटीचं, आणि हा जीएसटी सेवाशुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. ४० चे झाले ४४, आणि ४४ चे झाले ४७ डॉलर ९६ सेंट. म्हणजे ३,१०० रुपयांच्या वर. हॉकर सेंटरमध्ये दोघांनी चार-चार डॉलरच्या शाकाहारी शेवया घेतल्या आणि दीड-दीड डॉलरची कॉफी, तर ११ डॉलर, ७१५ रुपये. पाटीवर लिहिलंय तेवढंच द्यायचं. टिप नाही, सेवाशुल्क नाही. एका जेवणात २,४०० रुपयांचा फरक. पाच दिवसांच्या दहा जेवणांचा गुणाकार तुम्हीच करा.

"पण आमचं टूरच्या पैशातच होतं" असं म्हणाल. फुकट नव्हतं हो, आधी भरलं होतं. आम्ही एका टूरबरोबर गेलो होतो (कंपनीचं नाव घेत नाही), तेव्हा पाच रात्री पाच वेगवेगळ्या हॉटेलांत पाचही वेळा तेच पनीर समोर आलं. एक दिवस लाल रश्शात, एक दिवस हिरव्या. चाळीस माणसांची पंगत पाऊण तासात उठवायची, कारण बाहेर दुसरी बस उभी. त्या हॉटेलात सिंगापूरचा एक माणूस जेवत नव्हता. जिथे गावचा माणूस जेवत नाही तिथे पाहुण्याने जेवू नये, हे आपल्याला इंदुरात कळतं. मग विमानात बसल्यावर का विसरतो?

एक स्पष्ट करतो. माझं भांडण भारतीय जेवणाशी नाही. लिटल इंडियात सेरंगून रोडवर कोमला विलास १९४७ पासून आहे. आनंद भवन तर १९२४ चं. ही सिंगापूरचीच हॉटेलं आहेत. तीन-तीन पिढ्यांचे तमिळ तिथे जेवतात, चिनी माणसंही हाताने डोसा मोडून खाताना दिसतात. तिथे जरूर जा. माझं भांडण आहे ते फक्त बसमधून आलेल्यांसाठी शिजवलेल्या जेवणाशी.

आता मुख्य हरकत. "आम्ही शाकाहारी, तिथे आम्ही काय खाणार?"

मी अंडं खातो, मासा-मटण नाही. आमची ही अंडंही खात नाही आणि चातुर्मासात कांदा-लसूणही नाही. तरी आम्ही दोघं हॉकर सेंटरमधून कधी उपाशी उठलो नाही. चिनी बौद्धांत शाकाहाराची मोठी परंपरा आहे. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ माणसं शाकाहार पाळतात, आपल्या एकादशी-चतुर्थीसारखं. आणि गंमत अशी की त्यांच्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. मुंज, श्राद्ध, चातुर्मास पाळणाऱ्या घराला याहून जवळचं काय सापडणार? वॉटरलू स्ट्रीटवर क्वान इम देवीचं मोठं चिनी मंदिर आहे आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं मंदिर. चिनी बायका देवीपुढे उदबत्ती लावतात आणि शेजारी कृष्णालाही हात जोडून जातात. तिथून चार पावलांवर मिडल रोडला फॉर्च्युन सेंटर म्हणून इमारत आहे. ते हॉकर सेंटर नव्हे, जुन्या धाटणीची इमारत आहे, पण आत शाकाहारी खाणावळी ओळीने आहेत. भीत भीत सुरुवात करणाऱ्यांनी तिथून करावी.

हॉकर सेंटरमध्ये चिनी शाकाहारी गाळा बहुधा एखादा तरी असतो. तांदळाच्या बारीक शेवया, कोबी, मश्रूम, तळलेला टोफू. त्यांत कधी बदकासारखा किंवा डुकराच्या मांसासारखा दिसणारा तुकडा असतो. दचकू नका, तो गव्हाच्या चिकाचा किंवा सोयाबीनचा असतो. दिसायलाच नको असेल तर "तो नको" म्हणा, काढून देतात. तमिळ गाळ्यावर डोसा मिळतो, त्याला तिथे तोसै म्हणतात. नारळाचं दूध घातलेला आप्पम मिळतो. पराठ्याच्या कुळातला प्राटा मिळतो.

सावधगिरीही सांगतो, नाहीतर म्हणाल याने फसवलं. प्राट्याबरोबर न विचारता माशाचा किंवा मटणाचा रस्सा वाढतात, तेव्हा आधीच "डाल" म्हणायचं. वडा मागताना डोळे उघडे ठेवा, तिथे वड्यावर अख्खी कोळंबी खोचायची पद्धत आहे. मलय चटणीत, म्हणजे सांबलमध्ये, कोळंबीची पेस्ट किंवा सुकी मासळी असते. फळांच्या रोजक नावाच्या चाटमध्येही काळी कोळंबी पेस्ट असते, नुसतं फळ बघून हुरळून जाऊ नका. चिनी भाजीत ऑयस्टर सॉस असू शकतो. म्हणून "व्हेजिटेरियन" एवढ्यावर थांबायचं नाही. "नो फिश, नो प्रॉन, नो ऑयस्टर सॉस" असं एकेक नाव घेऊन विचारायचं. कर्जाची कागदपत्रं तपासतो तशी खात्री करून घ्या आणि मग निवांत जेवा.

आणि गोड? ओंदे-ओंदे मिळालं तर सोडू नका. तांदळाच्या चिकट पिठाची हिरवी गोळी, आत माडाचा गूळ, बाहेर ओलं खोबरं. चावली की गूळ तोंडात फुटतो. पुतु पिरिंग तर वाफवलेली तांदळाची पिठी, मधे तोच गूळ, वर खोबरं. आमच्या हिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अहो, हे तर आपले मोदकच, फक्त कळ्या पाडायच्या राहिल्या." जिथे तांदूळ, नारळ आणि गूळ आहे तिथे घरचं जेवण शोधायला ताटात पनीर कशाला लागतं?

दुसरी हरकत स्वच्छतेची. २०१७ पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या आम्हा इंदूरकरांनी तरी ही घेऊ नये. गाळ्यावर स्वच्छतेची श्रेणी लावलेली असते, ए, बी, सी, ती वाचा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. आणि आपला ट्रे आपणच उचलून रॅकवर ठेवायचा, १ सप्टेंबर २०२१ पासून तशी सक्ती आहे. आधी ताकीद, मग दंड. हलालचे ट्रे ठेवायचा रॅक वेगळा असतो, तेवढं बघा. आपले काही काका लोक जेवले की हात पुसून, ट्रे तसाच ठेवून उठतात. पलीकडे ऐंशी वर्षांची आजी आपला ट्रे घेऊन रॅककडे चाललेली असते. तिच्याकडे बघून लाज वाटली तरी सहलीचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

तिसरी हरकत वयाची. "ते सगळं तरुणांचं. आपल्याला कोण विचारतंय तिथे?" उलट आहे! सकाळी नऊला कुठल्याही वसाहतीतल्या हॉकर सेंटरला जा, निम्मी टेबलं सत्तरीच्या माणसांनी भरलेली असतात. एक कॉफी आणि तीन तास गप्पा. सिंगापूरचे दहापैकी जवळजवळ आठजण सरकारने बांधलेल्या एचडीबी वसाहतींत राहतात, आणि हॉकर सेंटर ही त्यांची ओसरी. माझी तिथे एका निवृत्त तमिळ शाळामास्तरांशी ओळख झाली. आमचा पीएफ आणि त्यांचा सीपीएफ यांत कोणता बरा यावर आम्ही दोन सकाळी वाद घातला. लेकीच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून भारतातल्या बातम्या बघत राहिलो असतो तर हा मित्र मिळाला नसता.

कॉफी मागायची भाषा मात्र शिकून घ्या. नुसतं "कोपी" म्हटलं तर गोड घट्ट दूध आणि साखर घालून देतात. "कोपी-ओ" म्हणजे बिनदुधाची, पण साखरेची. "कोपी-सी" म्हणजे आटवलेलं दूध आणि साखर. मधुमेहवाल्यांनी "कोपी-सी कोसोंग" म्हणावं. कोसोंग हा मलय शब्द, अर्थ रिकामं, शून्य. थोडीच साखर हवी तर "सिऊ दाई". चहाला कोपीच्या जागी "ते". गाळ्यावरच्या माणसाला अंकल, बाईला आंटी म्हणायची तिथे रीतच आहे. आपण भाजीवाल्या मावशी म्हणतो तसंच. आणि रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं तर तिथे बसू नका, ती कोणीतरी धरून ठेवलेली जागा असते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता थोडं कडू बोलतो. राग मानायचा असेल तर माना.

आपल्यातले किती आईवडील मुलांकडे परदेशी जातात, महिना-दोन महिने राहतात आणि रोज संध्याकाळी "गरम पोळी" मागतात? सून सकाळी आठला बाहेर पडते, संध्याकाळी साडेसातला घरी येते, पर्स ठेवते आणि कणीक मळायला घेते. शेजारचं चिनी कुटुंब त्या वेळी खाली जाऊन, जेवून, ट्रे ठेवून वर आलेलं असतं. त्या शहराने नोकरी करणाऱ्या बाईसाठी प्रत्येक वसाहतीच्या पायथ्याशी स्वस्त स्वयंपाकघर बांधून ठेवलंय आणि आपण त्याच शहरात तिला पुन्हा तव्यापुढे उभी करतो. वर फोनवर सांगतो, "सून फार चांगली, सगळं घरचंच करते." लेकीच्या घरी गेलो तर आई स्वतःच पदर खोचते, तेही तसलंच. आमच्या हिने पहिल्याच मुक्कामात जाहीर करून टाकलं, "मी सात समुद्र ओलांडून पोळ्या लाटायला आलेले नाही." त्या दिवसापासून आमचं रात्रीचं जेवण खाली. लेक, जावई, नात, आम्ही दोघं. पाचजणांच्या पाच आवडी, पाच गाळे, एक टेबल. कोणी दमलेलं नसतं, त्यामुळे कोणी चिडलेलं नसतं. आठवड्यातून एकदा घरी वरणभात करा की, कोण नको म्हणतंय? जावयाने करावा.

आणि हे सगळं मी मुद्दाम आपल्याच ग्रुपवर लिहितोय, कारण आपण पुण्या-मुंबईचे नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद इथली आपण तीन-तीन, चार-चार पिढ्यांची बाहेरची मराठी माणसं. आपले पूर्वज "घरच्यासारखंच हवं" म्हणून हटून बसले असते तर इंदूरच्या पोह्यांवर सेव आणि जिरावण कधी पडलंच नसतं, शेजारी जिलबी आली नसती. भुट्ट्याचा कीस आपल्या सणावाराच्या पानात वाढला गेला नसता. बडोदेकरांना सेव-उसळ, बेळगावकरांना कुंदा, हैदराबादकरांना इराणी चहा आपला वाटला नसता. ही सगळी आपली खरी घरची चव, आणि ती दुसऱ्याच्या ओट्यावर बसून खाल्ल्यामुळे आपली झाली.

पुण्याचा पाहुणा आला की आपण त्याला रात्री कुठे नेतो? सराफ्यात. सोन्या-चांदीची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात, हे आपण त्याला केवढ्या अभिमानाने सांगतो! तो पाहुणा जर म्हणाला, "मला हे काही नको, कुठे डायनिंग हॉल आहे का," तर आपण तोंडावर हसू, पण मनातून तो उतरेल. सिंगापूरकरांच्या डोळ्यांत आपण रोज तसे उतरतो.

बँकेतल्या मित्रांसाठी एक जागा खास सुचवतो. तिथल्या मार्केट स्ट्रीटवर एके काळी तमिळ चेट्टियार सावकारांच्या पेढ्या होत्या. जमिनीवर बैठक, पुढ्यात पेटी, तिथेच राहणं-जेवणं. आज त्याच रस्त्यावर कॅपिटास्प्रिंग नावाचा ५१ मजली मनोरा आहे आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर हॉकर सेंटर. दुपारी बाराला गळ्यात ओळखपत्र घातलेली बँकांची साहेब मंडळी आणि त्यांचे शिपाई एकाच रांगेत उभे असतात. आमच्या काळी शाखेत अधिकाऱ्यांचा डबा वेगळ्या टेबलावर उघडायचा. ती रांग मी डोळे भरून पाहिली.

आता शेवटचं. घाई करा. हॉकरांचं वय साठीच्या घरात आहे. पहाटे तीन-चारला उठून भट्टी पेटवायची, दिवसभर उकाड्यात उभं राहायचं, आणि दर चार डॉलरच्या वर नेला की गिऱ्हाईक कुरकुरतं. त्यांची मुलं शिकली, ऑफिसात गेली. सरकार नव्या लोकांना शिकवायचा प्रयत्न करतंय, पण एकेक जुना गाळा बंद होतोच आहे. लाकडी कठडा झिजलेला, हात भाजलेला, पन्नास वर्षं एकच पदार्थ करणारा म्हातारा तुम्हाला पुढच्या सहलीत भेटेलच असं नाही. पनीर कुठे जात नाही, ते छप्पन दुकानला कधीही मिळेल.

जाणार असाल तर सुट्टे डॉलर जवळ ठेवा, पुष्कळ गाळ्यांवर कार्ड चालत नाही. सोमवारी बरेच गाळे बंद असतात. टूर ठरवताना "जेवणासकट" या रकान्यात काट मारता येते का ते विचारा, आणि ती रक्कम वजा करून घ्या. विचारलंत की देतात, न विचारणाऱ्याला कोणी देत नाही. पहिल्या दिवशी फार धाडस नको. एक कोपी-ओ घ्या, एक प्राटा डालबरोबर घ्या, आणि ज्या गाळ्यापुढे म्हाताऱ्या माणसांची रांग सर्वांत लांब आहे तो गाळा दुसऱ्या दिवसासाठी हेरून ठेवा.